शिष्यवृत्ती मंजूर, पण पैसे कधी? जत तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे प्रकरण

ही नोंद सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीच्या २०२२-२३ ते २०२४-२५ या तीन शैक्षणिक वर्षांची आहे. विद्यार्थिनीचे, तिच्या गावाचे आणि महाविद्यालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. प्रस्तुत लेखक दुसऱ्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे काम पाहतो, त्यामुळे अशी प्रकरणे नेहमीच समोर येतात. त्यांतून हेच निवडण्याचे कारण असे की यात कोणी फसवणूक केलेली नाही, अर्ज फेटाळला गेलेला नाही आणि शासनाने जे द्यायचे ते अखेरीस दिलेही आहे. सगळे नियमाप्रमाणे होऊनही पहिल्याच वर्षी या घराला सोने गहाण ठेवावे लागले. ते का, हे पाहण्यासाठी योजनेचा शासन निर्णय वाचून भागत नाही. पैसा कोणत्या तारखेला कोठे होता हे पाहावे लागते.

कुटुंब आणि खर्च

कुटुंब जत तालुक्याच्या पूर्व भागातले. वडिलांच्या वाट्याला थोडी जिरायत आणि डाळिंबाची लहानशी बाग, आई घरची शेती करून दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारी, मुलगी थोरली आणि तिच्या पाठीवर एक भाऊ. खुल्या प्रवर्गातले हे कुटुंब तहसीलदारांच्या दाखल्यानुसार वर्षाला १,४०,००० रुपये मिळवत होते. मुलीला २०२२ च्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सगळे ज्याला ‘कॅप’ म्हणतात त्यातून, सांगली शहराजवळच्या एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात जागा मिळाली. कोरोनामुळे विस्कटलेले वेळापत्रक त्या वर्षीही पूर्ण सावरलेले नव्हते, त्यामुळे प्रवेश निश्चित करण्याची वेळ दिवाळीनंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस आली.

वार्षिक शुल्क ९०,००० रुपये होते. त्यात शिक्षण शुल्क ८०,००० आणि विकास शुल्क १०,०००. ही विभागणी बहुतेक पालक पाहतच नाहीत. पावतीवरची शेवटची बेरीज तेवढी पाहतात. प्रत्यक्षात सगळे प्रकरण या विभागणीवर फिरते, कारण शुल्काची प्रतिपूर्ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची होते, विकास शुल्काची होत नाही. गावाहून जत आणि जतहून सांगली असा रोजचा एसटीचा प्रवास शक्य नव्हता, म्हणून दोन मैत्रिणींबरोबर एक खोली घेतली. तिच्या वाट्याचे भाडे महिना १,५०० आणि मेसचे २,८०० धरले तर दहा महिन्यांचे ४३,००० होतात. पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य, सुट्टीतील ये-जा यांचे ९,००० मिळवले की पहिल्या वर्षाचा खर्च १,४२,००० वर जातो. दाखल्यावरचे सगळ्या घराचे वर्षाचे उत्पन्न आणि एका मुलीचा वर्षाचा खर्च यांत दोन हजारांचा फरक, आणि तोही उलट बाजूने.

लागू असलेल्या योजना

तिला दोन योजना लागू होत्या. पहिली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. जुनी पिढी अजून तिला ‘ईबीसी’ म्हणते, आणि ते अगदीच चूक नाही. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी सवलत देण्याची कल्पना यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत महाराष्ट्रात रुजली. ज्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यातच आहे त्या मुख्यमंत्र्यांची ही सवलत घेऊन शिकलेले शिक्षक आणि कारकून या भागात घरोघरी सापडतील. उत्पन्नाची मर्यादा २०१६ मध्ये १ लाखावरून ६ लाखांवर आणि पुढच्याच वर्षी ८ लाखांवर नेण्यात आली. २०२२ मध्ये खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला या योजनेत शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळत असे. प्रवेश कॅपमधून झालेला असणे, विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी असणे आणि कुटुंबातील दोनच अपत्यांनी लाभ घेतलेला असणे या मुख्य अटी. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. म्हणजे शासनाकडून ४०,००० येणार होते.

दुसरी योजना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. घर सोडून राहणाऱ्या विद्यार्थ्याला दहा महिन्यांसाठी हा भत्ता मिळतो. त्या वेळच्या दराने मोठी महानगरे सोडून इतर ठिकाणी अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या पाल्याला २०,००० रुपये मिळत, आणि हे दोन्ही नसून उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ८,०००. मुलीच्या वडिलांची जमीन अल्पभूधारकाच्या मर्यादेत होती याबद्दल गावात कोणालाही शंका नव्हती. तरीही पहिल्या वर्षी तिला ८,००० च मिळाले.

केंद्र शासनाची बारावीच्या गुणांवर मिळणारी शिष्यवृत्तीही तिला मिळण्याजोगी होती. बारावीत मंडळाच्या ८० व्या शतमकाच्या (पर्सेंटाइलच्या) वर असलेल्या, ४.५ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला त्यात वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेणाऱ्याला ती चालत नाही, त्यामुळे तो विचार तिथेच संपला.

सातबाऱ्याची अडचण

अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि तो सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या नावावरील एकूण जमिनीचा उतारा) पाहून दिला जातो. वडिलांनी सेतू केंद्रातून उतारा काढला तेव्हा त्यावर त्यांचे नावच नव्हते. नऊ एकर जमीन अजून मयत आजोबांच्या नावावर होती. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. तीन भाऊ आपापला तुकडा कसत होते, बांध ठरलेले होते, पाण्याची पाळी ठरलेली होती, कोणाची कोणाबद्दल तक्रार नव्हती. वारस नोंद करण्याची गरजच पडली नव्हती. सोसायटीचे पीककर्ज थोरल्या भावाच्या ओळखीवर निघत होते.

नऊ एकर म्हणजे साडेतीन हेक्टरांहून अधिक. दोन हेक्टरांची मर्यादा ओलांडलेल्या आणि मयताच्या नावे असलेल्या खात्यावर कोणाला अल्पभूधारक म्हणून दाखला द्यायचा, असा प्रश्न कार्यालयाने विचारला आणि तो रास्त होता. वारस नोंदीचा अर्ज केला की तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हे सगळे सुरळीत झाले तरी महिना-दीड महिना जातो. इथे त्यात आणखी एक गाठ निघाली. आजोबांना तीन मुलगे आणि एक मुलगी. वारस म्हणून आत्याचे नाव लागणार हे थोरल्या काकांना तेव्हा पहिल्यांदा कागदावर दिसले आणि त्यांनी एकदमच हक्कसोडपत्र करून घेऊ असे सुचवले. आत्या कागद करायला आल्या, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘माझं नाव राहू दे. पोरीचं मात्र अडवू नका, वाटपाला सही लागेल तिथं करते.’’

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हक्कसोडपत्राची या कामासाठी गरजच नव्हती. नऊ एकरांचे चार वाटे केले तरी प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन एकर येतात, तीन केले तर तीन. दोन्ही आकडे मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत. हवे होते ते महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने केलेले वाटप. शिष्यवृत्तीच्या निमित्ताने बहिणीचा हक्क सोडवून घेण्याचे प्रकार या लेखकाने इतरत्रही पाहिले आहेत, आणि ‘‘दाखल्याला लागतं’’ हे कारण त्यात हमखास पुढे केले जाते. ते खरे नाही.

वाटप मंजूर होऊन स्वतंत्र आठ-अ हातात पडेपर्यंत २०२३ चा उन्हाळा उजाडला. तोवर महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या पोर्टलवरचा पहिल्या वर्षाचा अर्ज दाखल झालेला होता. ‘अल्पभूधारक’ या रकान्यात ‘नाही’ असे भरलेले होते. भत्त्याचे १२,००० रुपये त्या एका शब्दात गेले. ही रक्कम तिच्या मेसच्या चार महिन्यांच्या बिलाहून अधिक होते.

चाळीस हजारांचे चौदा महिने

प्रवेशाच्या दिवशी कुटुंबाने प्रत्यक्षात ५०,००० भरायचे होते: शिक्षण शुल्काचा आपला निम्मा वाटा आणि विकास शुल्क. डाळिंबाचे आलेले पैसे आणि मामाकडून उसने घेतलेले मिळून तेवढी सोय झाली होती. महाविद्यालयाने मात्र पूर्ण ९०,००० मागितले. शासनाचा वाटा जमा झाला की तुमचे ४०,००० परत करू, असे तोंडी सांगण्यात आले. प्रवेश निश्चितीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आईचे गंठण आणि पाटल्या तालुक्याच्या गावातील पतसंस्थेत ठेवून सोनेतारणावर ४०,००० उचलण्यात आले, व्याज वर्षाला १२ टक्के.

त्यानंतर अर्जाचा प्रवास सुरू झाला. तो बाहेरून दिसतो त्यापेक्षा लांब असतो. विद्यार्थी पोर्टलवर आपली माहिती भरतो, कागद चढवतो आणि अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो. तिथून प्राचार्यांच्या, तिथून विभागाच्या. कोणत्याही पायरीवर अर्ज ‘सेंड बॅक’ होऊ शकतो, आणि तो परत आल्याचे विद्यार्थ्याने स्वतः लॉगिन करून पाहिले तरच वेळेत कळते. तिचा अर्ज एकदा परत आला, कारण उत्पन्नाचा दाखला ज्या आर्थिक वर्षाचा हवा होता त्याच्या आधीच्या वर्षाचा जोडला होता. दुसऱ्यांदा आला तो भाडेकरारासाठी: खोलीच्या मालकीणबाईंनी साध्या कागदावर लिहून दिले होते, नोटरी केलेले हवे होते. मालकीणबाई आधी तयार होईनात. घरपट्टी वाढेल, अशी त्यांची भीती. तिघींनी मिळून समजूत काढली, तेव्हा करार झाला.

प्रतिपूर्तीची रक्कम दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता आला, तेव्हा वडील महाविद्यालयात गेले. दुसरा आल्याशिवाय हिशेब करता येत नाही, असे लेखा विभागाने सांगितले. दुसरा आल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये, ४०,००० परत मिळाले. नोव्हेंबर २०२२ पासून मोजले तर चौदा महिने. महिन्याला ४०० या हिशेबाने व्याज झाले ५,६००.

हा आकडा भत्त्याशेजारी ठेवून पाहावा. शासनाने मुलीच्या राहण्या-खाण्यासाठी ८,००० दिले. त्यातील सत्तर टक्क्यांइतकी रक्कम, शासनाचीच दुसरी रक्कम उशिरा आल्यामुळे, पतसंस्थेच्या व्याजात गेली. कोणत्याही योजनेच्या अहवालात हे ५,६०० दिसणार नाहीत. तिथे लाभार्थी एक, मंजूर रक्कम ४८,००० आणि वितरित रक्कम ४८,००० अशीच नोंद असेल, आणि ती खरीच असेल.

महाविद्यालयाला यात खलनायक ठरवणे सोपे आहे, पण तेवढेच सांगून थांबणे योग्य नाही. विनाअनुदानित संस्थेचे पगार दरमहा द्यावे लागतात आणि शेकडो विद्यार्थ्यांची प्रतिपूर्ती एकाच वेळी थकली की संस्थेचीही ओढाताण होते. प्रश्न असा आहे की उशीर कोणी सोसायचा. संस्थेला बँकेकडून उचल मिळते, शासन तर स्वतःच देणेकरी आहे. तरीही तो भार उतरत उतरत सर्वांत कमी पत असलेल्या घरावर येतो, कारण प्रवेशाच्या खिडकीसमोर ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्याच घराला सर्वांत कमी असते.

इतरत्र हे कसे चालते, याचे एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेतील केंद्र सरकारचे पेल अनुदान १९७३ पासून गरजू पदवी विद्यार्थ्यांना दिले जाते. २०२४-२५ साठी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. ती रक्कम महाविद्यालयामार्फत सत्रागणिक विद्यार्थ्याच्या खात्यावर लावली जाते, त्यातून शुल्क वळते होते आणि काही शिल्लक उरल्यास ती चौदा दिवसांत विद्यार्थ्याला द्यावी लागते. तिथेही सगळे सरळ नाही. त्याच वर्षीचा नवा अर्ज काही महिने उशिरा सुरू झाल्याने फार गोंधळ उडाला होता. पण नियमात दिवसांची संख्या लिहिलेली आहे, ती चुकली तर चुकली असे म्हणता येते. आपल्याकडे विद्यार्थ्याने अर्ज करण्याची अंतिम तारीख असते, त्रुटी दुरुस्तीची असते. पैसे देण्याची तारीख मात्र विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

दुसरे वर्ष

२०२३-२४ बद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. आठ-अ स्वतंत्र झाल्याने अल्पभूधारकाचा दाखला मिळाला आणि २०,००० चा भत्ता मंजूर झाला. मागचे ४०,००० अडकलेले असताना यंदाचेही भरणार नाही, असे वडिलांनी लेखी दिले. महाविद्यालयाने हमीपत्र आणि पुढच्या तारखेचा धनादेश घेऊन नूतनीकरण करून दिले. मागितले असते तर पहिल्या वर्षीही हे झाले असते का, हे सांगता येत नाही. मागायचे असते, हेच तेव्हा घरात कोणाला माहीत नव्हते.

तिसरे वर्ष: पूर्ण माफी आणि हरवलेला भत्ता

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने चित्र बदलले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आणि कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती ५० ऐवजी १०० टक्के झाली. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही नूतनीकरणाच्या अर्जावर हा लाभ दिला गेला. पात्र मुलींकडून हे शुल्क प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचनाही निघाल्या. तिच्या महाविद्यालयाने त्या पाळल्या: विकास शुल्काचे १०,००० घेतले, धनादेश मागितला नाही. ‘मोफत शिक्षण’ म्हणून जे गावागावांत सांगितले गेले त्यात हे १०,००० आणि खोली-मेसचा खर्च येत नाही, हे तिच्या आईला पावती पाहून समजले. तरीही पहिल्या वर्षीच्या तुलनेत घरावरचा शुल्काचा बोजा ५०,००० वरून १०,००० वर आला, ही या तीन वर्षांतील सर्वांत मोठी गोष्ट आहे.

अडचण या वेळी दुसरीकडून आली. २०२४ च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरणे चालू होते. आईचे बँक खाते जुने आणि आधारशी न जोडलेले, म्हणून गावात लागलेल्या शिबिरात तिचे नवे खाते काढले. मुलगी रक्षाबंधनासाठी घरी आलेली होती. वय २१ च्या आत असल्याने तिला त्या योजनेत जागा नव्हती, पण शिबिरातल्या माणसाने ‘‘हिचंही काढून ठेवू, शून्य शिलकीचं आहे’’ म्हणून तिचा अंगठा घेतला. त्या अर्जात आधार सीडिंगच्या संमतीच्या चौकटीत खूण होती.

खात्याला आधार जोडणे आणि खाते आधारला सीड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाविद्यालयातील लिपिकांनाही दरवर्षी नव्याने समजावावे लागते. पहिल्यात बँकेकडे तुमच्या ओळखीचा पुरावा म्हणून आधार क्रमांक असतो. अशी खाती चार असू शकतात. दुसऱ्यात राष्ट्रीय देयके महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत तुमच्या आधारसमोर एकाच बँकेचे नाव असते, आणि थेट लाभाची रक्कम तिथेच जाते. शेवटी ज्या बँकेने सीडिंग केले ते नाव तिथे राहते. सांगलीतले खाते चालू होते, पासबुक होते, मागील दोन वर्षांचा भत्ता त्यातच आला होता; पण नोंदीत आता शिबिरातले खाते होते.

मार्च २०२५ मध्ये पोर्टलवर भत्ता वितरित झाल्याचे दिसू लागले. सांगलीच्या बँकेत शिल्लक होती तेवढीच. मुलगी लिपिकाकडे गेली, लिपिकाने पोर्टल दाखवले. बँकेत गेली, बँकेने पासबुक छापून दिले. दोघांचेही म्हणणे बरोबर होते. मे महिन्याच्या अखेरीस कोणीतरी आधारच्या संकेतस्थळावरील बँक सीडिंगची स्थिती पाहायला सांगितले आणि तिथे शिबिरातल्या बँकेचे नाव निघाले. त्या खात्याला वडिलांचा बंद पडलेला मोबाइल क्रमांक दिलेला होता, म्हणून संदेशही आला नव्हता. रक्कम पूर्ण सुरक्षित होती. मधल्या तीन महिन्यांची मेस मात्र मैत्रिणीच्या उसनवारीवर चालली होती.

आता धाकटा भाऊ

२०२५ मध्ये भाऊ बारावी झाला आणि त्यालाही अभियांत्रिकीलाच जायचे होते. कुटुंबातील दुसरे अपत्य असल्याने योजना त्याला लागू आहे, पण १०० टक्के प्रतिपूर्ती मुलींसाठी आहे. त्याला निम्मीच मिळणार. उत्पन्नाचा दाखला योग्य वर्षाचा काढून झाला, आठ-अ हाताशी होता, त्याचे आधार कोणत्या बँकेत सीड आहे हे बहिणीने आधीच पाहून ठेवले. वडिलांनी त्यात एक काम स्वतःहून वाढवले. कॅपचा विकल्प अर्ज भरण्यापूर्वी त्यांनी यादीतल्या तीन महाविद्यालयांना अर्ज देऊन विचारले की पात्र विद्यार्थ्याने प्रवेशाच्या दिवशी नेमके किती भरायचे, शासनाचा वाटा आगाऊ घेतला जाणार का, आणि घेतला तर किती दिवसांत परत मिळणार. दोघांनी आगाऊ घेणार नसल्याचे लेखी कळवले. तिसऱ्याने ‘‘या, बघू’’ असे फोनवर सांगितले. ते महाविद्यालय भावाच्या पसंतीत पहिले होते. विकल्प अर्जात ते तिसऱ्या क्रमांकावर गेले.